पानी उनं

आमच्या घरी नळाखाली एक पितळी पातेलं उपडं ठेवलेलं असायचं. झोपायच्या आधी माय नळाची तोटी मोकळी सोडायची आणि खाली ते पातेलं पालथं घालायची. गावात नळाला पाणी तीन-चार दिवसांआड, तेही कधी रात्री दीडला, कधी पहाटे चारला. आधी नळातून नुसती हवा फुसफुसायची, मग दोन-चार थेंब, आणि मग धार अशी वाजायची की मागच्या खोलीतला माणूससुद्धा जागा व्हावा. "पानी उनं!", म्हणजे पाणी आलं, अशी मायची हाक आली की घर उठायचं. पातेलं बाजूला, नळाला पाइप, पाइपाचं तोंड हौदात. हौद निम्मा झाला की मोटर. मोटर लावली की गच्चीवरच्या टाकीकडे कान. टाकी भरून अंगणात पाणी पडू लागलं की दुसरी हाक: "टाकी भरनी रे, मोटर बंद कर!"

अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. चाळीस वर्षं या घराचं पाणी मायच्या कानांवर चाललं. तीन वर्षांपूर्वी हे काम मी एका कॉम्प्युटरकडे दिलं. तो कॉम्प्युटर माझ्या शाळेच्या दिवसांतला आहे, बीबीसी मायक्रो.

त्याची आणि माझी पहिली भेट १९८६ची. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला होता आणि त्यात इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे हे कॉम्प्युटर देशभरातल्या निवडक शाळांत पोचले. आमच्या शाळेत त्यांच्यासाठी वेगळी खोली, खिडक्यांना पडदे, दाराबाहेर चपला. आठवड्याला एक तास, एका मशीनवर तिघं. माझ्या वाट्याला कीबोर्ड यायचा तो पाच-सात मिनिटं. लाल रंगाची दहा फंक्शन बटणं, आणि चालू केल्यावर येणारा तो दोन सुरांचा आवाज, आधी जाड मग बारीक. सर सांगायचे, "बटण हळू दाबा, सरकारी आहे." त्या मशीनवर मी आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम लिहिला. त्यात माझं नाव वीस वेळा छापलं जायचं. पुढे शिकलो, नोकरी केली, कॉम्प्युटरवरच पोट भरलं, पण त्या खोलीत बोटांना जी घाई व्हायची ती पुन्हा कधी झाली नाही.

आमच्या भागाला कॉम्प्युटर लांबचा, असं बाहेरच्यांना वाटतं. मला ते कधी पटलं नाही. ज्या विप्रोचं नाव आज जगभर सॉफ्टवेअरसाठी घेतलं जातं, ती १९४५ साली अमळनेरला वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झाली. शेंगदाण्याच्या वासातून निघालेली वाट कुठे पोचली ते बघा.

असो. एक दिवस ओळखीच्या भंगारवाल्याचा फोन आला. कुठल्याशा शाळेची अडगळीची खोली रिकामी झाली होती आणि 'टायपिंगसारखी' दोन मशीनं त्याच्याकडे वजनावर आली होती. मी गेलो. धुळीच्या थराखाली लाल बटणांची ती रांग दिसली आणि मी तिथेच खाली बसलो.

दोन्हींमधलं एक सुरूच झालं नाही. दुसरं सुरू झालं, तो ओळखीचा आवाज आला, पडद्यावर 'बेसिक' उमटलं, आणि साधारण दहा मिनिटांनी मागच्या बाजूने धूर. घरभर जळक्या कागदाचा उग्र वास. मायने धावत येऊन बटण बंद केलं. आत उघडून पाहिलं तर पॉवर सप्लायमधला विजेचा गोंगाट गाळणारा कपॅसिटर तडकला होता. पस्तीस वर्षांत त्याच्या आवरणाला चिरा जातात, ओल शिरते आणि मग वीज मिळाली की तो असा जातो. हे या वयाच्या मशीनचं नेहमीचं दुखणं. जळगावहून ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे दोन नवे आणले, अर्ध्या तासात बदलले. ज्याला कुणाला असं मशीन मिळेल त्याने आधी हे बदलावं आणि मगच प्लग लावावा.

मग प्रश्न आला, याचं करायचं काय?

उत्तर मशीननेच दिलं. या कॉम्प्युटरला प्रोग्रॅम साठवायला कॅसेट टेप लागते, आणि टेपरेकॉर्डर चालू-बंद करायला त्याच्या पोटात एक छोटा रिले, म्हणजे विजेने हलणारं बटण, आहे. फुलीचं चिन्ह (*), मोटर, एक, असं टाइप करून रिटर्न दाबलं की आतून 'टक्' असा आवाज येतो आणि कीबोर्डवर एक बारीक लाल दिवा लागतो. शून्य दिलं की पुन्हा 'टक्'. मी त्या तारांना टेपरेकॉर्डरऐवजी सेलवरचा बल्ब जोडला. टक्, उजेड. टक्, अंधार. रात्री अकरा वाजता, पन्नाशी ओलांडलेला माणूस, पंचवीस-तीस वेळा हेच करत बसलो होतो. लिहिलेल्या शब्दाने खोलीतली वस्तू हलते, हे मी नोकरीत हजारदा पाहिलं असेल. पण तिथे शब्द आणि वस्तू यांच्यामध्ये इतके थर असतात की आपला हात कुठे लागला ते कळतच नाही. इथे बोट, शब्द, टक्.

घरातली मोटर त्या इवल्या रिलेला झेपणार नव्हती. पण या मशीनच्या बुडाशी 'युजर पोर्ट' नावाचं एक वीस पिनांचं सॉकेट आहे. त्यात आठ तारा तुमच्या मर्जीच्या. प्रत्येक तार बाहेर सांगणारी की आत ऐकणारी, ते तुम्ही ठरवायचं. त्यासाठी मशीनच्या स्मरणात दोन पत्ते आहेत, ६५१२० आणि ६५१२२. दुसऱ्या पत्त्यावर १५ टाकलं की पहिल्या चार तारा बोलणाऱ्या होतात आणि उरलेल्या चार ऐकणाऱ्या. मग पहिल्या पत्त्यावर जो आकडा टाकाल, त्याप्रमाणे तारा वर-खाली होतात, म्हणजे त्यांच्यावरचं व्होल्टेज चढतं-उतरतं. आणि हे सगळं करायचं चिन्ह काय, तर प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह आणि पत्ता बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे लिहिला तर ती आज्ञा, उजवीकडे लिहिला तर ती विचारणा. एकाच चिन्हाने सांगायचंही आणि विचारायचंही. ही बेसिक भाषा लिहिणाऱ्या सोफी विल्सन यांचं मला त्यासाठी फार कौतुक वाटतं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ध्यानात आली. मशीन नुकतं सुरू होतं तेव्हा आठही तारा ऐकणाऱ्या असतात आणि आपोआप वर ओढल्या जातात. 'वर म्हणजे चालू' असं धरून जोडणी केली असती, तर प्रत्येक वेळी वीज आल्या आल्या मोटर, कूलर, दिवा सगळं एकदम चालू झालं असतं. म्हणून उलटं केलं. मध्ये तारेचा इशारा रिलेपर्यंत पोचवणारी ७४०७ ही चिप घातली. तार खाली गेली तरच रिले ओढला जातो, एरवी सगळं बंद. पुढे रिले, प्रत्येक रिलेच्या कॉइलवर एक डायोड, आणि मोटरसाठी वेगळा काँटॅक्टर, म्हणजे मोठा रिले. २३० व्होल्टचं सगळं काम वायरमनकडून वेगळ्या पेटीत करून घेतलं. तिथे शौक चालत नाही.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. मला वाटत होतं, हौद भरला की मोटर लाव, टाकी भरली की बंद कर, चार ओळींचा प्रोग्रॅम. नळाखालच्या तांब्यात एक फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बटण, हौदात एक, टाकीत एक. लिहिला, लावला, आणि पहिल्याच रात्री कॉम्प्युटर तीनदा ओरडला. पाणी नव्हतंच. हवेबरोबर आलेल्या चार थेंबांनी तांब्यातला फ्लोट डुचमळत होता. सकाळी मायला विचारलं, तुला कसं कळायचं? ती म्हणाली, पहिल्या आवाजाला कधी उठायचं नाही, ती हवा असते. धार सरळ झाली की आवाज बदलतो. तिने हे सांगितलं आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढली: सलग वीस सेकंद पाणी असेल तरच हाक मार.

मग एकेक निघत गेलं. मोटर लावण्याआधी ती ओसरीवरचा बल्ब बघायची. बल्ब पिवळा दिसला तर थांबायची, कारण व्होल्टेज कमी असताना मोटर नुसती घूं करते आणि जळते. मी तिला इतकी वर्षं त्या बल्बाकडे बघताना पाहिलं होतं आणि मला कधी प्रश्नच पडला नव्हता की ही बघते काय. हौद तळाला कधीच जाऊ द्यायची नाही, चार बोटं पाणी ठेवायची, कारण तळाचा गाळ मोटर ओढते.  हे कुणी तिला शिकवलं नव्हतं, तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ते तिच्या उठण्या-बसण्यात होतं. मी संध्याकाळी ओट्यावर वही घेऊन बसायचो, ती गहू निवडता निवडता बोलायची, आणि तिचं एकेक वाक्य ओळ क्रमांक घेऊन प्रोग्रॅममध्ये जायचं. या मशीनची सगळी स्मरणशक्ती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर आलेला शुभ सकाळचा फोटोसुद्धा त्यापेक्षा मोठा असतो. मायची चाळीस वर्षं त्यात सहा किलोबाइटमध्ये बसली आणि तरी मला वाटतं, निम्मं बाहेरच राहिलं.

कूलरचं काम मला सर्वांत जवळचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५च्या घरात जातो आणि कूलर ही चैन उरत नाही. पण कूलरचा पंप सारखा चालू ठेवायची गरज नसते. जाळ्या एकदा भिजल्या की काही मिनिटं पंखाच पुरतो. आणि पाणी तीन दिवसांनी येणाऱ्या गावात त्या टाकीतलं पाणी मोलाचं. मशीनच्या मागच्या बाजूला चार वाटांचं ॲनालॉग पोर्ट आहे, त्यातली प्रत्येक वाट शून्य ते साधारण १.८ व्होल्ट मोजते. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे १.८ व्होल्ट म्हणजे १८० अंश. मशीन ते शून्य ते ६५५२० या आकड्यांत सांगतं. ६५५२०ला १८०ने भागा, बरोबर ३६४ येतात, बाकी शून्य. कागदावर हा भागाकार सुटला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तो मायला दाखवला. प्रत्यक्षात आमच्या मशीनचं माप थोडं वेगळं निघालं, थर्मामीटर शेजारी ठेवून मी ३७१ धरले. तरीही ते ३६४ माझ्या मनात आहेत.

दोन सेन्सर लावले. एक कोरडा. दुसऱ्याला प्लास्टिकची नळी घट्ट बसवून वर ओली वात गुंडाळली, वातीचं टोक पाण्याच्या वाटीत. वात मायनेच वळून दिली, देवापुढची असते तशीच, थोडी लांब. वातीतलं पाणी उडून जाताना सेन्सर थंड होतो, हवा जितकी कोरडी तितका जास्त. मेमधल्या एका दुपारी कोरडा ४३ आणि ओला २२. फरक एकवीस अंशांचा. एवढा फरक असेल तर कूलर खोली २७-२८पर्यंत आणतो. जुलैत हाच फरक तीन-चार अंशांवर येतो; तेव्हा पंप चालवला की नुसता दमटपणा वाढतो, अंग चिकचिकतं. आता मशीन दोन्ही वाटा वाचून ठरवतं: फरक मोठा असेल तर पंप तीन मिनिटं चालू, सात बंद, फरक आटला की फक्त पंखा. कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागायची ती एकदावर आली.

कुणी विचारतं, हे सगळं हल्ली पाचशे-सातशे रुपयांच्या चिपवर होतं, मोबाइलवरून चालतं, मग हा खटाटोप का? होतं, मला माहीत आहे, नोकरीत तेच केलं. पण ते चालायला वायफाय लागतं, कुठल्या तरी दूरच्या कंपनीचं सर्व्हर जिवंत लागतं, आणि ते बिघडलं की घरातल्या माणसाला फक्त वाट बघता येते. इथे बटण दाबल्यापासून एका सेकंदात मशीन हजर. मोटर का लागली नाही, याचं उत्तर शोधायला मी तारेवर बोट ठेवून हौदापर्यंत चालत जाऊ शकतो. शिवाय दोघांत नातंही आहे. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर, हा बीबीसी मायक्रो घडवणारे दोघं, यांनीच पुढे १९८५ मध्ये एआरएम नावाचा प्रोसेसर तयार केला. त्याचे वंशज आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत. माझ्या खिशातला फोन आणि ओसरीवरचं हे मशीन, एकाच घराण्यातले.

मायला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. पडद्यावर काय चाललंय ते तिला कळावं म्हणून मी देवनागरी अक्षरं तयार केली. या मशीनमध्ये बत्तीस अक्षरं आपली आपण घडवता येतात, आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. एकेका ओळीचा एकेक आकडा द्यायचा. वरच्या दोन ओळी वेलांटी आणि अनुस्वारासाठी राखल्या. तिसऱ्या ओळीला २५५, म्हणजे आठही ठिपके पेटलेले. ती शिरोरेखा. चौकटी एकमेकींना चिकटून असल्यामुळे शेजारच्या अक्षराची शिरोरेखा आपोआप जुळते. खाली उरलेल्या पाच ओळींत 'प' बसला, 'न' बसला, 'भ' मात्र चार दिवस बसेना. अशी घडवलेली अक्षरं पडद्यावर दाखवायला स्मरणात जागा जास्त लागते, म्हणून प्रोग्रॅम छाटून छाटून लहान केला. पहिल्यांदा जेव्हा जुन्या मॉनिटरवर हिरव्या रंगात 'पानी उनं' उमटलं, तेव्हा माय चष्मा लावून जवळ आली, बोटाने अक्षरं शिवली आणि म्हणाली, "याले आपली बोली समजस?"

समजत नव्हती. पण त्या क्षणी मी हो म्हटलं.

वीज गेली की मशीन सगळं विसरतं. घड्याळही नाही त्यात. 'टाइम' नावाचा एक आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागाने वाढत असतो, तेवढंच. इन्व्हर्टर आहे, पण तो संपला की टेपवरून पुन्हा प्रोग्रॅम चढवायचा. हे मायने शिकून घेतलं. दाबायच्या बटणांवर तिने आपल्या टिकल्या चिकटवल्या आहेत, आणि क्रम ती पाढ्यासारखा पुटपुटते. रिटर्न, मग टेपचं प्ले. मिनिटभर तो किरकिरा आवाज घरात भरतो, पडद्यावर आकडे सरकतात, मग मशीन किती वाजले ते विचारतं आणि ती भिंतीवरच्या घड्याळात बघून आकडे टाकते.

गेल्या वैशाखात मी दोन दिवस धुळ्याला होतो. संध्याकाळी वादळ झालं, कुठे तरी तारा तुटल्या. इन्व्हर्टर रात्री बाराच्या सुमारास संपला असावा. एकच्या पुढे कधी तरी वीज आली. माय गाढ झोपेत होती. मशीन मात्र उठलं, दोन सुरांत आवाज केला आणि रिकाम्या डोक्याने, काहीच न येणाऱ्यासारखं, एक छोटी आडवी रेघ लुकलुकवत बसलं. तीन वाजता पाणी आलं. तांबा भरला, फ्लोट वर आला, ती तार जे सांगत होती ते ऐकायला कुणी नव्हतं. दोन तास पाणी मोरीतून गटारात गेलं. पातेलं मीच वर्षापूर्वी फळीवर ठेवून दिलं होतं.

सकाळी फोनवर ती रागावली नाही. "तुनं मशीन झोपेल व्हतं," एवढंच म्हणाली. पुढचे तीन दिवस तिने शेजारून हंडे आणले, सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांनी. मी परत आलो तेव्हा ओट्यावर ते हंडे ओळीने ठेवलेले होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

रॉमच्या, म्हणजे वीज गेली तरी न विसरणाऱ्या चिपच्या, रिकाम्या सॉकेटमध्ये प्रोग्रॅम कायमचा बसवता येतो, ते काम मी हाती घेतलंय. पण त्याआधी फळीवरून पातेलं काढलं. आतल्या बाजूने, बुडाला, पिझोची, म्हणजे हादरा बसला की वीज देणारी, पातळ चकती चिकटवली, तिला एक डायोड, एक छोटा कपॅसिटर, आणि तार ॲनालॉग पोर्टच्या चौथ्या वाटेला. तिसरी वाट व्होल्टेजला गेली होती, ही शेवटची होती. पाणी पातेल्यावर वाजलं की मशीनला ते ऐकू येतं. मशीनला आलं नाही तर मायला येतं. तार मध्ये पिनेने सुटते, म्हणजे तिला पातेलं चिंचेने घासता येईल. काळं पडलेलं पितळ तिला खपत नाही.

आता रात्री ती तोटी सोडते, पातेलं पालथं घालते आणि उठण्याआधी त्याच्या बुडावर बोटाच्या पेराने टकटक करते, सारखी, वीस सेकंद होईपर्यंत. मग मागे वळून मॉनिटरकडे बघते. हिरवी अक्षरं उमटली की दिवा मालवते.